बंगालचं श्रीरामपूर, डेन्मार्कचा राजा आणि नोकरी सांभाळून पाळक होऊ पाहणारा आपला माणूस

डेन्मार्कच्या राजानं १८२७ साली दिलेली एक सनद आजही आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक पाळकांच्या पदवीमागे उभी आहे, असं सांगितलं की लोक माझ्याकडे बघून हसतात. पण गोष्ट खरी आहे. एखाद्या रेव्हरंडांच्या घरी गेलात तर भिंतीवर फ्रेम केलेली बी.डी.ची पदवी पाहा. बऱ्याचदा त्यावर ‘सेरामपूर’ हे नाव दिसेल. अनेकांना वाटतं ते आपलं श्रीरामपूर, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं. नाव एकच आहे, पण हे श्रीरामपूर बंगालमधलं, कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठावरचं. इंग्रजी तोंडात त्याचं सेरामपूर झालं.

हे आज लिहायचं कारण, एका वाचकाचा प्रश्न. वय एक्केचाळीस, कारखान्यात शिफ्टची नोकरी, दोन मुलं शिकतायत. रविवारी गावच्या मंडळीत उपासना चालवायला मदत करतात. त्यांनी विचारलं, “दादा, नोकरी न सोडता पाळकाचं शिक्षण घेता येतं का? आणि घेतलं तर ती पदवी खरी धरतात का?” प्रश्न दोन ओळींचा, पण उत्तर शोधता शोधता दोनशे वर्षांचा इतिहास निघाला. मी ख्रिस्ती नाही, पण हा प्रश्न फक्त ख्रिस्ती माणसाचाही नाही. म्हणून पोस्ट लांब झालीय, जरा सवडीने वाचा.

सुरुवात एका मोच्यापासून करू.

विल्यम केरी. जन्म १७६१, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायरच्या एका खेड्यात. लहान वयात जोडे शिवायच्या कामाला लागला. कॉलेज नाही, विद्यापीठ नाही. काम करता करता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. पुढे गावच्या शाळेत मुलं शिकवायची, पोटासाठी जोडे शिवायचे आणि रविवारी छोट्या बॅप्टिस्ट मंडळीत उपदेश करायचा, असा त्याचा दिनक्रम होता. मंडळी देत होती तेवढ्यात घर चालत नव्हतं. आज आपण ज्याला ‘जॉब करून शिकणं’ म्हणतो, ते यापेक्षा वेगळं काय असतं?

१७९३ मध्ये तो बंगालमध्ये आला. तिथेही आधी निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी केली. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. सेरामपूर मात्र तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८०० साली केरी तिथे गेला. सोबतीला जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड. मार्शमन विणकराचा मुलगा, पेशाने शाळामास्तर. वॉर्ड छपाईवाला आणि वर्तमानपत्राचा संपादक, म्हणजे आमच्याच जातकुळीतला. सेरामपूरचं त्रिकूट म्हणून इतिहासात गाजलेली ही तिन्ही माणसं हाताने काम करून वर आलेली होती.

केरीचा आपल्याशी थेट संबंध आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवायचा. १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण छापून आलं, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ साली नव्या कराराचं मराठी भाषांतर. या कामात नागपूरकडचे वैजनाथ पंडित त्याच्या सोबत होते. छापील मराठीच्या पहिल्यावहिल्या पुस्तकांत ही पुस्तकं येतात. आणि ती तयार केली कधीकाळी जोडे शिवणाऱ्या माणसाने, एका मराठी पंडिताच्या मदतीने.

१८१८ साली या तिघांनी सेरामपूर कॉलेज काढलं. त्याच वर्षी त्यांच्या छापखान्यातून ‘समाचार दर्पण’ हे बंगाली वर्तमानपत्र सुरू झालं. कॉलेज नुसतं ख्रिस्ती मुलांसाठी नव्हतं, हिंदू मुलंही पहिल्यापासून होती. नंतर मार्शमन स्वतः कोपनहेगनला गेले आणि राजा सहावा फ्रेडरिक याच्याकडून फेब्रुवारी १८२७ मध्ये सनद मिळवली. या सनदेने कॉलेजला स्वतःच्या पदव्या देण्याचा हक्क मिळाला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठं १८५७ ची, त्याच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट. १८३३ च्या नियमावलीत तर लिहून ठेवलं की जात, रंग किंवा देश यावरून कुणालाही प्रवेश नाकारायचा नाही. आपल्याकडे तेव्हा शाळेत पोरांना कुठे बसवत होते ते आठवून पाहा.

आता यातली गंमत बघा. १८४५ साली डेन्मार्कने सेरामपूर कंपनीला विकून टाकलं. सनद मात्र करारात शाबूत राहिली. म्हणजे हक्क होता, पण कित्येक दशकं तो कुणी वापरलाच नाही. ईश्वरविज्ञानाची पहिली बी.डी. पदवी सेरामपूरने दिली ती १९१५ साली. सनदेपासून अठ्ठ्याऐंशी वर्षांनी! नंतर १९१८ साली बंगालच्या विधिमंडळाने सेरामपूर कॉलेज कायदा केला. त्यातून सेनेट उभी राहिली आणि वेगवेगळ्या पंथांची ईश्वरविज्ञानाची कॉलेजं तिला जोडली गेली. आज देशभरातली डझनावारी कॉलेजं या सेनेटशी संलग्न आहेत.

कागद असणं वेगळं आणि तो लोकांच्या कामी येणं वेगळं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत आली १८१३ साली, नगरला ठाणं पडलं १८३१ मध्ये. गावोगावी पसरलेल्या या कामाचा कणा कोण होता? गोरे मिशनरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खरा भार होता तो गावच्या ख्रिस्ती शिक्षकावर. आठवडाभर शाळा, रविवारी उपदेश, मधल्या वेळात आजाऱ्याची चौकशी, अर्ज लिहून देणं, तंटा मिटवणं. यातले बहुतेक महार-मांग समाजातले, पहिल्यांदाच अक्षर ओळखलेले. पगार तुटपुंजा. त्यांचं ‘ईश्वरविज्ञान’ कामावरच घडलं. त्यांच्या नावाने पुतळे नाहीत, रस्ते नाहीत. पण आमच्या तालुक्यातल्या जुन्या लोकांना विचारलं की आजही ‘मास्तर’ हा शब्द आदराने निघतो आणि तो मास्तर बऱ्याचदा हाच असतो.

रेव्हरंड टिळकांचंच घ्या. नारायण वामन टिळक, जन्म १८६१. बाप्तिस्मा १८९५ साली, म्हणजे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. तोवर शिक्षकी करून झाली होती, कविता होती, संसार होता आणि त्या संसाराची झालेली ओढाताणही होती. पाळकीय दीक्षा मिळाली १९०४ साली, म्हणजे चाळिशी ओलांडल्यावर. नगरच्या ईश्वरविज्ञानाच्या शाळेत ते शिकवायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण मात्र संस्कृत, मराठी संतांचे अभंग आणि पवित्र शास्त्र यांच्या वाचनातून झालेलं. आजच्या प्रवेश अर्जात ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यात त्यांनी काय भरलं असतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आणि पंडिता रमाबाई. केडगावला मुक्ती मिशनचा पसारा, शेकडो बायका-मुलींचं जेवणखाण, शाळा, छापखाना, शेती. एवढं सगळं अंगावर असताना या बाई पंचेचाळिशीच्या पुढे ग्रीक आणि हिब्रू घेऊन बसल्या. कशासाठी? साध्या बाईला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणण्यासाठी. १९२२ साली त्या गेल्या, तोवर भाषांतराचं काम त्यांनी पुरं केलं होतं. त्या काळी बाईला पाळकीय दीक्षा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे काम करता करता शिकलेल्या माणसांच्या या यादीत सगळ्यात अवघड अभ्यास जिने केला, तिला दारच नव्हतं.

मग पुढे काय झालं? विसाव्या शतकात शिक्षण नीट बांधलं गेलं. निवासी कॉलेज, ग्रंथालय, वसतिगृह, परीक्षा. चांगलंच झालं. बंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० चं. यवतमाळला १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, ती १९८३ साली पुण्याला गेली. कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. जुना करार, नवा करार, मूळ भाषा, मंडळीचा इतिहास, नीतिशास्त्र, भारतातले इतर धर्म, समुपदेशन असा भरगच्च अभ्यास. बी.डी.ला साधारण चार-पाच वर्षं लागतात.

पण यात एक गोष्ट गळून पडली. हा अभ्यास बावीस-पंचवीस वर्षांच्या, घरची जबाबदारी नसलेल्या मुलासाठी बेतलेला होता. ज्याच्यावर घर चालतंय, त्या एक्केचाळीस वर्षांच्या माणसाने चार वर्षं वसतिगृहात राहायचं कसं? मोच्याने उभारलेल्या कॉलेजच्या वाटेवर मोच्यालाच चालता येईना, अशी अवस्था झाली.

हा पेच नुसता आपल्याकडचा नव्हता. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालामध्ये प्रेस्बिटेरियन पंथाची एक सेमिनरी होती. १९६२ च्या सुमाराला त्यांनी पंचवीस वर्षांचा हिशोब मांडला. दोनशेहून जास्त विद्यार्थी येऊन गेले, पण पाळक म्हणून प्रत्यक्ष कामावर असलेले निघाले जेमतेम दहा. खेड्यातून राजधानीत शिकायला गेलेला पोरगा खेड्यात परत जात नव्हता. आणि खेड्यात जे खरोखर मंडळ्या सांभाळत होते, ते शेतकरी आणि दुकानदार होते. लेकुरवाळी माणसं, त्यांना राजधानीत जाणं जमत नव्हतं. (आपल्याकडे डॉक्टर, कृषी पदवीधर यांच्याबाबत हीच रड आहे की नाही?)

तेव्हा राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि रॉस किन्सलर यांनी उलटा विचार केला. विद्यार्थी सेमिनरीत येत नाही, तर सेमिनरी विद्यार्थ्याकडे जाईल. १९६३ पासून ही पद्धत सुरू झाली. तिचे तीन भाग. रोज घरी थोडा अभ्यास, एकट्याने वाचता येतील अशा बेताने लिहिलेल्या पुस्तकांवरून. आठवड्यातून एकदा जवळच्या गावी शिक्षकाबरोबर बैठक, तिथे शंका आणि वादविवाद. आणि शिकलेलं लगेच आपल्या मंडळीत वापरून पाहायचं. या तीनपैकी एक भाग काढला तरी सगळं कोसळतं. नुसतं वाचन उरलं तर ते पोस्टाने मागवलेलं सर्टिफिकेट होतं.

ही कल्पना जगभर गेली. भारतात १९७१ साली बंगळुरूला ‘टाफ्टी’ ही संस्था याच कामासाठी निघाली. सेरामपूरच्या सेनेटनेही पुढे नोकरदारांसाठी बाहेरून करायचे ख्रिस्ती अध्ययनाचे अभ्यासक्रम काढले. कॅथलिकांनी वेगळी वाट काढली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कायमस्वरूपी डीकनचं पद पुन्हा सुरू करायला मान्यता दिली. हा माणूस विवाहित असू शकतो, नोकरी करू शकतो. मुंबईत असे डीकन आहेत. १९८३ च्या त्यांच्या धर्मसंहितेत विवाहित उमेदवारासाठी दोन अटी आहेत. वय किमान पस्तीस आणि पत्नीची संमती.

ही दुसरी अट वाचून मी थांबलो. नोकरी करून शिकणाऱ्या माणसाची फी कोण भरतं, याचं इतकं सरळ उत्तर मी दुसऱ्या कुठल्या नियमात पाहिलेलं नाही. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तो कामावर असताना. दिवसा बातम्या, रात्री नोट्स. माझ्या परीक्षेच्या आठवड्यात मुलाचा ताप कुणी काढला, दळण कुणी आणलं, हे त्या प्रमाणपत्रावर कुठेच लिहिलेलं नाही. चाळिशीत शिकायला बसलेल्या प्रत्येक माणसामागे कुणीतरी जागत असतं.

आता ‘पदवी खरी का’ या प्रश्नाकडे. इथे सरळ बोलतो.

आपल्या देशात पदवी देण्याचा हक्क कायद्याने मिळतो. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यात ते स्पष्ट आहे. सेरामपूरच्या मागे १९१८ चा कायदा आहे. दुसरीकडे एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारख्या संस्थेची मान्यता असलेली कॉलेजं आहेत. तिथला अभ्यास चांगला असू शकतो आणि बऱ्याच मंडळ्या तो मानतात, पण ती मान्यता चर्चच्या जगातली आहे, सरकारी नाही. हा फरक प्रवेश घेण्याआधी कळला पाहिजे, कर्ज काढून फी भरल्यावर नाही.

आणि तिसरा प्रकार म्हणजे दुकान. आमच्याकडे अधूनमधून प्रेस नोट येते, ‘अमुक यांना मानद डॉक्टरेट प्रदान’. हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन, टोपी, फोटो. देणाऱ्या विद्यापीठाचा पत्ता शोधायला गेलं तर सापडत नाही. यात ख्रिस्ती उपदेशक आहेत, ज्योतिषी आहेत, बिल्डर आहेत, समाजसेवक तर ढिगाने आहेत. इथे केरीची आठवण येते. त्यालाही मानद डॉक्टरेट होती, १८०७ साली अमेरिकेच्या ब्राऊन विद्यापीठाची. पण तोवर त्याचं मराठी व्याकरण छापून झालं होतं.

माझं म्हणणं असं की दुकानं चालतात, कारण खरं दार अरुंद आहे. शिकायची भूक असलेला, गावात मान असलेला, पण चार वर्षं घर सोडू न शकणारा माणूस दिसला की दुकानदार तिथे पोहोचतोच. पन्नास हजारात ‘रेव्हरंड डॉक्टर’. त्यात फसतो तो बहुधा प्रामाणिक माणूसच.

बाहेरून केलेल्या शिक्षणावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. ग्रंथालय हाताशी नसतं. चार वर्षं एकत्र राहून, भांडून, एका ताटात जेवून माणूस जे शिकतो ते घरी बसून येत नाही. ग्रीक एकट्याने शिकणं म्हणजे डोंगर. म्हणून कित्येक ठिकाणी पाळकीय दीक्षेसाठी आजही निवासी बी.डी.च मागतात. मला वाटतं, अट जरूर ठेवा, पण अट अभ्यासाची ठेवा, वसतिगृहाची नको. लंडन विद्यापीठाने १८५८ साली बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षा खुली केली तेव्हाही हीच ओरड झाली असणार. आपल्या नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं. तिथून शिकलेले शिक्षक, पोलीस, ग्रामसेवक आज आपल्या अवतीभवती आहेत.

आणि ख्रिस्ती नसलेल्या मित्रांनो, जरा आपल्याकडेही पाहा. सावता माळी मळ्यात होते, गोरोबा चाकावर होते. विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली १९१७ साली, म्हणजे सेरामपूरच्या कायद्याच्या आदल्याच वर्षी. दोन टोकांच्या दोन परंपरांना एकाच सुमाराला कळलं की धर्म सांगणाऱ्याला नीट शिक्षण हवं. कीर्तनकार असो, मौलाना असो, भंतेजी असोत की पाळक, आठवड्याला शेकडो लोक ज्याचं ऐकतात, तो काय आणि कुठे शिकलाय ही सार्वजनिक बाब आहे. अर्धवट शिकलेला वक्ता गाव पेटवू शकतो. नीट शिकलेला माणूस गाव शांतही करू शकतो, हे दंगलीच्या बातम्या करताना मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा त्या वाचकांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना माझं उत्तर असं. हो, नोकरी न सोडता शिकता येतं. आधी आपल्या मंडळीच्या वरिष्ठांना लेखी विचारा की कुठली पदवी कुठल्या कामासाठी मानणार. संस्थेला तिच्या मान्यतेचा कायदा आणि वर्ष विचारा. खऱ्या संस्थेला या प्रश्नाचा राग येत नाही. शिक्षकाबरोबर नियमित बैठक नसेल तर पैसे भरू नका. आणि घरच्यांशी बोला, अर्ज भरायच्या आधी.

मंडळ्यांच्या पदाधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. वर्षाला एका काम करणाऱ्या माणसाची किंवा बाईची फी आणि पुस्तकं मंडळीने उचलावीत. सभागृहाच्या नव्या फरशीपेक्षा हा खर्च कमी आहे.

तुमच्या घरात, नात्यात कुणी चाळिशीनंतर असं शिकलं असेल, कुठल्याही धर्माचं, तर जरूर लिहा. या माणसांची नोंद कुणीतरी ठेवायला हवी.